मदत हवी आहे: शिळावर्तुळांवरून जुनी वाट शोधता येते का?

नमस्कार मंडळी. नागपूरच्या आसपासची महापाषाणयुगीन शिळावर्तुळं, म्हणजे प्राचीन दफनांभोवती मोठे धोंडे रचून केलेली वर्तुळं (जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड) मी नकाशावर मांडतोय. माहुरझरीत मणी घडवणारे कारागीर, नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी. म्हणजे माल आणि माणसं फिरत असणारच. पण कुठल्या वाटेनं?

इंग्लंडात सॉमरसेटच्या दलदलीत १९७० साली ‘स्वीट ट्रॅक’ ही फळ्यांची पायवाट सापडली. लाकडाच्या वर्षवलयांवरून ती इ.स.पू. ३८०७-३८०६ ची ठरली. दलदलीनं लाकूड जपलं म्हणून! आपल्या काळ्या मातीत तो योग कुठला?

आतापर्यंत केलेलं: सर्वे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे नकाशे पाहिले, उपग्रहचित्रांवर गाडीवाटा गिरवल्या, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये कमीत कमी चढणीचा मार्ग काढला. तो बऱ्याच वर्तुळांजवळून जातो. सुरुवातीला हुरळलो, मग लक्षात आलं की वर्तुळांना लागणारे बेसॉल्टचे धोंडे आणि पाणीही तिथंच आहे. मग वर्तुळं वाटेमुळे तिथं आहेत की धोंड्यांमुळे?

खोदकामाचा विषयच नाही, जुनापाणी तर संरक्षित जागा आहे. फक्त रविवारी दुचाकीवर फिरून, बघून, फोटो काढून होईल तेवढंच. गावातल्या म्हाताऱ्यांना बैलगाडीच्या वाटा विचारतोय, पण त्या फार तर शे-दीडशे वर्षांच्या.

तर नेमकं विचारायचंय ते हे: वाटेचा परिणाम आणि दगड-पाण्याचा परिणाम वेगळा काढायला तुलना कशाशी करावी? वर्तुळं नसलेल्या, पण धोंडे आणि पाणी असलेल्या जागा घेतल्या तर चालेल का, आणि अशा किती लागतील?