रंगाआधी खालचा पत्रा बघा

दोन लाखांत रत्नागिरीत वापरायला जुनी पेट्रोल गाडी, आल्टो घेऊ की वॅगन-आर, असं तुम्ही विचारलंय. घरात वयस्कर माणसं असतील तर वॅगन-आरच घ्या. उंच असल्याने चढउतर सोपी पडते. पण किनाऱ्यावर खरा प्रश्न गंजाचा. वर कुणीतरी कमी रनिंगची बघायला सांगितलंय, ते मला अर्धंच पटतं. खाऱ्या वाऱ्यात महिनोन् महिने अंगणात उभी असलेली गाडी कमी पळूनही खालून सडते. त्यामुळे गॅरेजवाल्याकडे रॅम्पवर चढवून घ्याच. दारांच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी, सायलेन्सर बघा. डिकीतलं मॅट उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात हात फिरवा. ओल लागली, पत्र्याचे पापुद्रे निघाले, तर सौदा सोडा. खाली ताजा काळा कोट दिसला तरी सावध, बरेचदा तो गंज झाकायलाच मारतात. मग चार माणसं बसवून, एसी लावून घाटात चालवा.

खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन 15 वर्षांचं असतं, पुढे दर 5 वर्षांनी नूतनीकरण. 13-14 वर्षांची गाडी स्वस्तात मिळाली तरी तो खर्च धरा. आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका.