मदत हवी आहे: दुसरीतल्या मुलीचा गृहपाठ रोज मोबाइलवर, शाळेशी कसं बोलू?

आम्ही नेरूळला राहतो. मुलगी दुसरीत, खासगी शाळेत. घरी नियम होता: शनिवार-रविवार अर्धा तास कार्टून, एरवी मोबाइल नाही. आजीनंसुद्धा तो पाळला. जेवताना गोष्टी सांगून सांगून त्यांचा घसा बसायचा, पण मोबाइल दिला नाही. या जूनपासून शाळेनं गृहपाठ अ‍ॅपवर सुरू केला आणि सगळी घडी विस्कटली.

एक व्हिडिओ बघायचा, मग उत्तरावर बोट ठेवायचं. बरोबर आलं की तारे मिळतात. काम पंधरा मिनिटांचं, पण तारे वाढवायला ती तेच तेच सोडवत बसते, तास जातो. मोबाइल काढून घेतला की रडारड. "टीचरनीच सांगितलंय" म्हणते, त्यावर मी काय बोलणार? वर्गातही स्मार्ट बोर्ड आहे. पावसामुळे खेळाचा तास बुडाला की त्यावर कार्टून लावतात म्हणे. वहीची मात्र जेमतेम अकरा पानं भरलीत. अ‍ॅपवर 'ळ' झटकन ओळखते, कागदावर काढताना अडखळते. मला सगळ्यात जास्त हेच लागलं.

गेल्या महिन्यात चष्मा लागला. मोबाइलमुळेच, असं डॉक्टर म्हणाल्या नाहीत, पण रोज उजेडात बाहेर खेळू द्या असं बजावलं. इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सनं (बालरोगतज्ज्ञांची संघटना) २०२१ मध्ये ५ ते १० वर्षांच्या मुलांसाठी स्क्रीन दिवसाला २ तासांच्या आत ठेवायला सांगितलंय. मी त्यात शाळेतला बोर्डही धरते.

वर्गशिक्षिका चांगल्या आहेत, पण "वरून आलंय, बाकी कुणाची तक्रार नाही" म्हणाल्या. पालकांच्या ग्रुपवर विषय काढला तर सगळे गप्प. तंत्रज्ञान नकोच असं माझं म्हणणं नाही, सातवी-आठवीत शिकू दे की. आत्ता सात वर्षांची आहे हो ती.

गृहपाठ वहीत द्या, असा अर्ज कुणी केलाय का? कुणाच्या नावानं लिहायचा? मुलीला वर्गात वेगळं पाडतील अशी भीती वाटते.

प्रतिसाद (ठाणे, घोडबंदर रोड): ताई, केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठच नको असं म्हटलंय. अर्जाची सुरुवात तिथूनच करा. एकट्या जाऊ नका. राज्याच्या २०११ च्या शुल्क कायद्यानं खासगी शाळांत पालक-शिक्षक संघ असावाच लागतो, त्याची कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडतात. तुमच्या इयत्तेचे प्रतिनिधी शोधा, चार-पाच पालकांच्या सह्या घ्या, मुख्याध्यापकांना अर्ज द्या आणि पोच घ्या. सह्या अनेकांच्या असल्या की एकट्या मुलीकडे बोट जात नाही. आम्ही 'अ‍ॅप बंद करा' म्हणत होतो तोवर कुणी दाद दिली नाही. 'छापील कागदाचा पर्याय द्या' म्हटल्यावर तीन आठवड्यांत मिळाला.

धागाकर्ती: पोच घ्यायचं डोक्यातच नव्हतं. आमचे प्रतिनिधी कोण ते उद्या शाळेच्या ऑफिसात विचारते. अर्जाचा मसुदा इथेच टाकला तर बघून द्याल का?