मदत हवी आहे: घाटात तापल्यावर ऑटोमॅटिक गिअरबॉक्स स्लिप होतो, खोलण्याआधी काय तपासावे?

नमस्कार. आमची 2010 सालची डिझेल फोर बाय फोर गाडी आहे. गिअरबॉक्स टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग), पाच गिअरचा ऑटोमॅटिक आहे. ट्रान्सफर केस (पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) साखळीचा असून पुढची चाके गरज पडेल तेव्हाच जोडावी लागतात. गाडी साताऱ्यात असते आणि यवतेश्वरचा घाट तिला नेहमी चढावा लागतो.

इंजिन थंड असताना काहीही तक्रार नसते. घाट निम्मा झाला की दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना आरपीएमचा काटा 2000 वरून 3000 च्या पुढे उसळतो, वेग मात्र तसूभरही वाढत नाही आणि मग गिअर धक्क्याने बसतो. वर पोहोचल्यावर गाडी थांबवून पुन्हा डी (ड्राइव्ह) टाकला, तर दोन-तीन सेकंद काहीच घडत नाही. आर (रिव्हर्स) मात्र ताबडतोब लागतो.

महामार्गावर प्रकार वेगळा आहे. ताशी 60 ते 70 च्या वेगात ॲक्सिलरेटर हलका दाबलेला असताना गाडी रस्त्यावरच्या रंबलर पट्ट्यांवरून चालल्यासारखी थरथरते. त्याच वेळी ॲक्सिलरेटर न सोडता डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श केला, की लॉकअप (टॉर्क कन्व्हर्टरमधून इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच) सुटतो आणि थरथर क्षणात थांबते. म्हणून टायर आणि प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस यांच्यावरचा माझा संशय गेला आहे. स्कॅनरवर पी 0741 हा लॉकअपचाच कोड आला असून घाटमाथ्यावर गिअरबॉक्सच्या ऑइलचे तापमान 118 अंश दिसले.

इंजिन चालू ठेवून, पी (पार्क) मध्ये, गरम स्थितीत पाहिल्यास ऑइलची पातळी बरोबर आहे. रंग मात्र काळपट तपकिरी झाला आहे आणि जळकट वास येतो. पांढऱ्या कागदावर थेंब टाकला तेव्हा बारीक काळी भुकटी दिसली, धातूची चमक दिसली नाही. ऑइल दुधाळ झालेले नाही, त्यामुळे रेडिएटरमधले पाणी त्यात मिसळत नसावे.

फोर लोमध्ये (चारही चाके जोडून कमी वेगाच्या, जास्त जोराच्या गिअरमध्ये) चढ चढताना गिअर स्लिप होत नाही, एवढ्यावरून एका मेकॅनिकने ट्रान्सफर केसची साखळी सैल झाल्याचे सांगितले. हे मला पटत नाही. टू व्हीलमध्ये आमच्या गाडीच्या साखळीवर भार नसतो आणि स्लिप नेमकी तेव्हाच होते. शिवाय फोर लोमध्ये गिअरबॉक्सवरचा ताणच कमी होतो, त्यामुळे झिजलेल्या क्लच प्लेटाही तेवढ्यापुरत्या तग धरत असाव्यात. दुसऱ्याने गिअरबॉक्स उतरवून संपूर्ण ओव्हरहॉल सुचवला आहे, पण त्याने ऑइलचा दाब मोजलेला नाही, आणि दाब न मोजता एवढा खर्च मान्य करायला मी तयार नाही.

जाणकारांनी कृपया सांगावे, की लॉकअपची थरथर आणि गरम झाल्यावरची स्लिप ही जुन्या ऑइलची दोन रूपे असू शकतात, की हे दोन स्वतंत्र दोष समजावेत? आर लगेच लागतो म्हणून पंप आणि फिल्टर चांगले मानता येतील का, की आर मध्ये दाब मुळातच जास्त ठेवलेला असल्याने पंपाचा अशक्तपणा झाकला जातो? जळकट ऑइल मशीनने एकदम पूर्ण बदलण्यापेक्षा चेंबर (खालची ऑइलची टाकी) उतरवून, फिल्टर बदलून, थोडे थोडे करून बदलणे सुरक्षित ठरेल का? प्लेटा झिजल्याचा संशय असताना स्टॉल टेस्ट (ब्रेक घट्ट दाबून, गिअर टाकून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून आरपीएम पाहणे) करावी का, याबद्दलही मी साशंक आहे.

सातारा, कराड किंवा सांगलीत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा दाब गेज लावून मोजून देणारे कोणी असल्यास तेही अवश्य कळवावे.