प्रतिसाद: मॉरिशस, अवलंबित्व आणि साठीची पेन्शन
एक मत असं ऐकलं की मॉरिशसचं अवलंबित्व गुणोत्तर (कामाच्या वयातल्या दर शंभर माणसांमागे मुलं आणि म्हातारे किती) 1960 च्या दशकाच्या मानाने निम्म्याहून खाली आलंय, तेव्हा काळजीचं कारण नाही. आकडा बरोबर, निष्कर्ष पटत नाही. तेव्हाचा भार पोरांचा होता, कारण एका बाईला सरासरी सहाच्या आसपास मुलं होत. आता जननदर दीडच्याही खाली गेलाय. पाळणे रिकामे झाले म्हणून गुणोत्तर घसरलं. आता म्हाताऱ्यांचा वाटा वाढतोय आणि ते पुन्हा वर चढू लागलंय. शिवाय हे गुणोत्तर 65 पासून वृद्ध धरतं, पण तिथे 1958 पासून सर्वांना मिळणारी सरकारी पेन्शन साठीलाच सुरू व्हायची, तीही वर्गणी न भरता. म्हणजे तिजोरीवरचा भार गुणोत्तरात दिसतो त्याच्या पाच वर्षं आधीच पडायचा. 2025 च्या अर्थसंकल्पात हे वय टप्प्याटप्प्याने 65 वर न्यायचं ठरलं, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले.

मॉरिशसमधल्या वाक्वा शहरात एका मराठी कुटुंबाकडे मी गणपतीत राहिलो होतो. तिथे गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. आजी आठ भावंडांतली, तिला नातवंडं दोनच, एक मेलबर्नला आणि एक फ्रान्समध्ये. आरतीला टाळ धरायला शेजारची साठी-सत्तरीतली माणसं आली होती. शिकलेली तरुण मंडळी अशी बाहेर जातात आणि कापड गिरण्यांत बांगलादेशी कामगार आणावे लागतात. साडेबारा लाखांच्या देशात शंभर तरुण गेले तरी जाणवतं. स्थलांतर बाजूला ठेवून या गुणोत्तराकडे बघूच नये, असं माझं ठाम मत आहे.