शंभरीनंतरचा खर्च आणि हयातीचा दाखला

शंभरीतल्या माणसाला सांभाळायला ठेवलेल्या चोवीस तासांच्या बाईचा पगार पेन्शनमध्ये भागत नाही, असं लोक म्हणतात. खरंच आहे. पण केंद्र सरकारच्या पेन्शनरांना वाढीव पेन्शन मिळते हे बऱ्याच घरांत माहीतच नसतं. वयाची ८० वर्षं पूर्ण झाली की मूळ पेन्शनच्या २० टक्के जादा, ९० नंतर ४० आणि शंभरीला १०० टक्के, म्हणजे मूळ पेन्शन दुप्पट. फॅमिली पेन्शनलाही हे लागू आहे. मात्र पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) जन्मतारीख नीट हवी, ती आधीच तपासून घ्या.

दुसरी अडचण हयातीच्या दाखल्याची, म्हणजे पेन्शन चालू राहावी म्हणून दरवर्षी द्यायच्या जिवंत असल्याच्या दाखल्याची. आमच्या आजीच्या बोटांच्या रेषा पार झिजलेल्या, अंगठा मशीनवर उमटेचना, आणि तिला उचलून बँकेत नेणं जिवावर यायचं. आता मोबाइलवर चेहरा दाखवून घरीच दाखला होतो. फक्त ॲप डोळे मिचकवायला सांगतं आणि तिला ऐकूच येत नाही, म्हणून मी समोर बसून स्वतः मिचकावून दाखवते. सकाळी खिडकीशी, चांगल्या उजेडात बसवलं की पटकन होतं. ऐंशीच्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, नोव्हेंबरची वाट बघू नका.