'रीवॉर्मिंग'ला पुनर्तापन म्हणावं का?

नेरुळहून: जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडलेल्या बाळांना काही ठिकाणी थंड पाणी खेळवलेली टोपी घालतात. त्या काळात मेंदूच्या आत तापमान कसं उतरतं आणि नंतर कसं चढतं, याच्या गणितावर मराठीत लेख लिहितोय. 'मॉडेल'ला प्रतिमान घेतलंय. 'रीवॉर्मिंग'ला पुनर्तापन आणि 'पर्फ्युजन'ला रक्ताभिसरण चालेल का?

ठाण्याहून: पुनर्तापन कृपा करून नको. मी नवजात अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. 'ताप' म्हटलं की आईवडिलांना आजारातला तापच ऐकू येतो, आणि या बाळांना खरोखर ताप आला तर मेंदूची इजा वाढण्याची भीती असते. दोन्हींची गल्लत परवडणारी नाही. 'गार' हा शब्दही जपून वापरा. 'बाळ गार पडलं' हे ऐकून कुठल्याही आजीच्या काळजात धस्स होईल. आम्ही 'थंडावा देतोय' म्हणतो आणि ७२ तासांनंतर 'हळूहळू ऊब देतोय'. त्यातलं 'हळूहळू' गाळू नका. तासाला साधारण अर्धा अंश सेल्सिअस, त्याहून घाई नाही. घाई झाली तर झटके येऊ शकतात, रक्तदाब उतरू शकतो.

नेरुळहून: घरच्यांशी बोलताना हे अगदी पटतं. पण आलेखाच्या अक्षावर काय लिहू?

ऐरोलीहून: 'ऊब देण्याचा दर'. त्यासाठी संस्कृत शब्द घडवायची गरज नाही.

मला खटकलं ते रक्ताभिसरण. अभिसरण म्हणजे रक्ताचं सगळ्या शरीरातलं फिरणं. ऊतींमधल्या उष्णतेसाठी पेन्स यांनी १९४८ साली मांडलेल्या समीकरणात विचार आहे तो ऊतीच्या एवढ्याशा तुकड्याला दर सेकंदाला किती रक्त मिळतं याचा. 'ऊतीचा रक्तपुरवठा' लिहा. हा शब्द निसटला तर लेखाचा गाभाच निसटेल. टोपीमुळे कवटीलगतचा थर थंड होतो, पण खोलवर धमन्यांमधून शरीराच्या तापमानाचं रक्त अखंड येत असतं, शिवाय मेंदू स्वतःही उष्णता निर्माण करतो. नुसत्या टोपीने खोल भाग फारसा निवत नाही तो यामुळेच. म्हणून टोपी घातलेल्या बाळाचंही गुदद्वारातलं तापमान ३४ ते ३५ अंशांवर आणतात. ऊब देतानाही खोल भागाचं तापमान रक्ताच्या तापमानाच्याच मागे जातं.

तेव्हा 'मेंदूचं तापमान' असं मोघम लिहू नका. पृष्ठाचं की खोल भागाचं, ते दर वेळी सांगा.

ठाण्याहून: आणि 'मोजलं' असंही लिहू नका. बाळाच्या मेंदूत आम्ही तापमापी घालत नाही. मोजतो ते गुदद्वारातलं किंवा अन्ननलिकेतलं. मेंदूचा आकडा तुमच्या गणितातून येतो, म्हणून 'काढलेलं तापमान' म्हणा. उपचार करणारा माणूस वाचेल तेव्हा कुठल्या आकड्यावर यंत्र लावायचं, हे त्याला नीट कळलं पाहिजे.

नेरुळहून: आलेखात 'मोजलेलं' आणि 'काढलेलं' अशा दोन वेगळ्या रेषा करतो. रक्तपुरवठाही बदलला.