शंका असलेल्यांना ख्रिस्ताकडे बोलावताना अभ्यासगट कसा चालवावा?

वाटसरू (प्रश्न)

आमच्या मंडळीच्या साप्ताहिक वचन-अभ्यासाला आता विश्वासात नसलेले तिघे येतात. एकाला देव आहे हेच मान्य नाही. एकीला येशूची शिकवण आवडते, पण चमत्कार आणि पुनरुत्थान पटत नाही. तिसरा मंडळीतच वाढलेला, पण प्रार्थनेवरचा त्याचा विश्वास उडालाय. नव्या करारातल्या पत्रांमधला उतारा घेतला की अर्धा वेळ प्रश्नांना उत्तरं देण्यात जातो आणि शेवटच्या प्रार्थनेला हे तिघं अवघडून बसतात. वाचावं काय, चालवावं कसं? ख्रिस्ताला स्वीकारणार का, हे विचारायचं कधी? आणि शिष्यत्वाचं शिक्षण विश्वास ठेवल्यानंतरच सुरू करायचं असतं का?

बिरुयाकर

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं त्यावर अवलंबून आहे. येशू पहिल्या शिष्यांना "माझ्यामागे या" म्हणतो ते मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात. "तू ख्रिस्त आहेस" हे पेत्राच्या तोंडून निघतं आठव्यात. मधल्या काळात हे लोक त्याच्याबरोबर चालतात, चुकीचं समजतात, घाबरतात, "हा आहे तरी कोण?" असं एकमेकांना विचारतात (४:४१). मत्तय २८:१७ मध्ये तर पुनरुत्थित प्रभूसमोर उभ्या असलेल्यांपैकी काहींना शंका होती, आणि शिष्य करण्याची आज्ञा त्याच मेळाव्याला मिळाली. त्यामुळे विश्वास येईपर्यंत शिकवणं थांबवू नका.

पत्रं सध्या बाजूला ठेवा. ती विश्वासणाऱ्यांना लिहिलेली आहेत, बरंच काही गृहीत धरतात. मार्क घ्या. त्यात एकूण १६ अध्याय आहेत; सगळं मोठ्याने वाचलं तर साधारण दीड तासात संपतं. आठ बैठकींसाठी हे उतारे पुरतात: १:१४–३९, २:१–१२, ४:३५–४१, ५:२१–४३, ८:२७–३८, १०:१७–३१, १५:२२–३९, १६:१–८. किती आठवडे चालणार हे पहिल्याच दिवशी सांगा. शेवट ठाऊक असला की नवखा माणूस निर्धास्त येतो.

सगळ्यांच्या हातात एकच आवृत्ती द्या आणि अध्यायाआधी पान क्रमांक सांगा. मार्क कुठे आहे हे न सापडलेला माणूस पहिल्या पाच मिनिटांतच स्वतःला परका समजू लागतो.

बैठक दीड तासाची. पंधरा मिनिटं गप्पा. मग उतारा दोन वेगवेगळ्या व्यक्तींनी एकेकदा वाचायचा; मोठ्याने वाचायची सक्ती कुणावरही नको. पाऊण तास चर्चा, राहिलेली वीस मिनिटं मोकळ्या प्रश्नांना. चर्चेला तीनच प्रश्न पुरतात. इथे नेमकं काय घडलं? तुम्हाला काय खटकलं? हे खरं असेल तर काय बदलेल? चालकाने पाऊण तासात दहा मिनिटांहून जास्त बोलू नये, आणि प्रश्न विचारल्यावर निदान दहा सेकंद गप्प राहावं. ही शांतता सहसा जुने विश्वासणारेच मोडतात, सुवार्तेचा सारांश सांगून. त्यांना आधीच बजावून ठेवा. तिघांसमोर विश्वासणारे तिघं-चौघंच असू द्या; दहाजण बसले की ती उलटतपासणी होते.

उताऱ्याबाहेरचा प्रश्न आला तर कागदावर लिहून घ्या आणि शेवटच्या वीस मिनिटांत किंवा पुढच्या वेळी घ्या. मात्र लिहून घेतलेला प्रश्न विसरलात तर पुढचा प्रश्न कुणी विचारणार नाही.

आणखी एक तयारी. मार्क १६:९–२० अनेक आवृत्त्यांत कंसात किंवा तळटीपेसह असतं, कारण चौथ्या शतकातली सिनाईटिकस आणि व्हॅटिकानस ही दोन्ही हस्तलिखितं आठव्या ओवीवर थांबतात. कुणीतरी हे नक्की विचारेल. टाळू नका, सरळ सांगा.

आठ_दिवसांनी

वरचा आराखडा चांगला आहे, पण तिघांच्या शंका एका जातीच्या नाहीत आणि सगळ्यांना एकच औषध लागू पडणार नाही. गटाबाहेर एकेकाशी स्वतंत्र बोला आणि एवढंच विचारा: "हे सगळं खरं निघालं तर तुम्हाला आनंद होईल की त्रास?" उत्तरावरून अडचण पुराव्याची आहे, दुखावलेपणाची आहे की आयुष्य बदलावं लागेल याची, हे बरंचसं कळतं.

प्रार्थनेवरचा विश्वास उडालेल्या माणसाला युक्तिवाद देऊ नका. त्याच्याबरोबर स्तोत्र १३, ७३ आणि ८८ वाचा. ८८वं अंधारातच संपतं, आशेची ओळ शेवटी जोडलेली नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. "तुमचा विश्वास कमी पडला" हे वाक्य गटात कुणी उच्चारू नये. मार्क ९:२४ मधल्या बापाने विश्वास आणि अविश्वास एकाच दमात कबूल केला, आणि येशूने मुलाला बरं केलं.

शंकेमागे मंडळीतल्या कुणी केलेला छळ किंवा अत्याचार निघाला, तर तो अभ्यासगटाचा विषय उरत नाही. "सगळी माणसं पापीच" म्हणून मंडळीची बाजू घेऊ नका, क्षमा करण्याची घाई लावू नका. त्या व्यक्तीच्या संमतीने जबाबदार लोकांपर्यंत जा. गुन्हा असेल तर पोलिसांपर्यंत. लहान मूल असेल तर कुणाच्या संमतीची वाट पाहू नका.

पुनरुत्थानावर शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याचा प्रसंग (योहान २०:२४–२९) वाचताना त्याला टोमणे मारायची आपल्याला सवय आहे. बाकीचे दहा शिष्य त्याला पटवू शकले नाहीत, तरी आठ दिवसांनी तो त्यांच्यातच बसलेला होता. त्यांनी त्याला जागा दिली होती. यहूदाच्या पत्रातली २२वी ओवीही संशयात असलेल्यांवर दया करा असंच सांगते.

मूळ_लेख

थोडं वेगळं मत. पुनरुत्थान न पटणाऱ्या बाईंना पुरावा द्यायला हवा. सारं आपुलकीवर सोडणं हा त्यांच्या बुद्धीचा अपमान आहे. १ करिंथ (पौलाचं करिंथच्या मंडळीला पहिलं पत्र) १५:३–८ पासून सुरू करा. हे पत्र साधारण इ.स. ५५चं, म्हणजे वधस्तंभानंतर पंचवीसएक वर्षांतलं, आणि पौल म्हणतो की ही साक्ष त्याला आधीच्यांकडून मिळाली. पाचशेहून अधिक साक्षीदारांपैकी बहुतेक हयात आहेत असंही तो लिहितो. विश्वासणाऱ्यांबाहेरचं म्हणाल तर इ.स. ११२च्या सुमारास रोमन सुभेदार प्लिनी सम्राट ट्राजानला कळवतो की हे लोक पहाटेपूर्वी जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. रोमन इतिहासकार टॅसिटस पिलाताच्या कारकिर्दीत ख्रिस्ताला देहान्ताची शिक्षा झाल्याचं लिहितो.

पण पुराव्याची ताकद जेवढी आहे तेवढीच सांगा. प्लिनी आणि टॅसिटसवरून देहदंड आणि आरंभीची उपासना कळते, रिकामी कबर नाही. जास्त ताणलंत तर त्या घरी जाऊन तपासतील, आणि मग तुमच्या खऱ्या मुद्द्यांवरही विश्वास ठेवणार नाहीत. माहीत नसेल तर "पुढच्या आठवड्यात सांगतो" म्हणा आणि सांगा.

वाटसरू

खूप उपयोग झाला. आता प्रार्थना, प्रभूभोजन (उपासनेत भाकर आणि द्राक्षरस घेणं) आणि "निर्णय" या तीन गोष्टी तेवढ्या राहिल्या.

बिरुयाकर

प्रार्थना चालकाने एकट्याने, दोन मिनिटांत, साध्या भाषेत करावी. आळीपाळीने प्रार्थना नको, आणि समोर बसलेल्याच्या शंका प्रार्थनेत देवाला ऐकवणं तर मुळीच नको. तो प्रार्थनेच्या आडून केलेला उपदेश असतो आणि तो लगेच ओळखू येतो.

प्रभूभोजनाबद्दल प्रत्येक मंडळीची शिस्त वेगळी. पाळकांना आधी विचारा आणि उपासनेला बोलावतानाच सांगून ठेवा: त्या वेळी जागेवर बसून राहिलात तरी चालेल, कुणी काही म्हणणार नाही. ऐनवेळी कळलं तर माणूस लाजेने घेतो किंवा पुन्हा येत नाही.

निर्णयाचा प्रश्न पाचव्या बैठकीत आपोआप येतो, कारण मार्क ८:२९ मध्ये येशू स्वतःच विचारतो, "तुम्ही मला कोण म्हणता?" तिथे विचारा, उत्तर मागू नका. सातव्या-आठव्या बैठकीनंतर एकेकट्याला विचारा, सर्वांसमोर कधीच नाही. "नाही" किंवा "अजून नाही" म्हणायला खरी मोकळीक हवी. किंमतही लपवू नका. लूक १४:२८ मध्ये बुरूज बांधण्याआधी खर्चाचा हिशेब करायला सांगितलंय. मार्क १०:२१–२२ मधल्या श्रीमंत माणसावर येशूने प्रीती केली, तरी अट सैल केली नाही आणि तो जाताना त्याला अडवलंही नाही.

बाप्तिस्म्याची घाई आणि दिरंगाई या दोन्हींना जुने दाखले सापडतात. कूशी (इथिओपियाच्या) षंढ अधिकाऱ्याचा बाप्तिस्मा त्याच प्रवासात झाला (कृत्ये ८). उलट आरंभीच्या मंडळीतला शिक्षक हिप्पोलितस याच्या नावाने चालत आलेल्या मंडळीच्या नियमांत तीन वर्षं वचन ऐकण्याची मुदत आहे, पण माणूस कळकळीचा असेल तर मुदत न पाहता आचरण पाहा असंही तिथेच म्हटलंय. माझं मत आचरण पाहण्याच्या बाजूने.

आठव्या बैठकीनंतर जो थांबेल त्याला गटातल्या एकानेच फोन करावा, तोही एकदाच. त्याने लिहून दिलेल्या प्रश्नांपैकी जे राहिले असतील त्यांची उत्तरं द्यावीत, पुढचा गट कधी सुरू होतोय ती तारीख कळवावी. आणि मैत्री असेल तर तो येवो न येवो, ती तशीच ठेवावी.